वावर आहे तोवर वास्तू आहे

ठाण्याचा किल्ला टिकला तो तुरुंग झाल्यामुळे. १७३०च्या दशकात पोर्तुगिजांनी तो बांधायला घेतला. १७३७मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकलं, १७७४च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेलं आणि पुढे त्यांनी किल्ल्यात कैदी ठेवले. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिली गेली. आजही हे मध्यवर्ती कारागृह आहे. तटाच्या आत माणसं राहत आली, म्हणून एवढी मोक्याची जागा कुणाच्या घशात गेली नाही.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत जुनं म्हणून जे उरलं आहे, त्यातलं बहुतेक असंच वापरामुळे उरलं आहे. टेंभी नाक्याजवळचं १८७९चं सिनेगॉग उभं आहे, कारण बेने इस्रायली समाजातले कित्येकजण इस्रायलला गेले तरी मागे राहिलेल्यांनी प्रार्थना चालू ठेवली. मासुंदा तलावाकाठच्या कौपीनेश्वराचा १७६०च्या सुमारास सुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी जीर्णोद्धार केला. तिथली गर्दी कधी ओसरलीच नाही. याच बिवलकरांचा कल्याणचा सुभेदार वाडा आज लोकांना ठाऊक आहे तो शाळेमुळे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. रोज पुस्तक बदलायला येणारा सभासद हाच या संस्थांचा खरा आधार.

मग कल्याणच्या जुन्या वस्तीतले वाडे का पडले? तिथेही माणसं राहतच होती. पण मालकी वारसांत वाटली गेली, भाडी १९४७च्या कायद्याने गोठली, आणि दुरुस्तीचा खर्च ना मालकाला परवडेना ना भाडेकरूला. दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. शंभर-दीडशे वर्षं उभ्या असलेल्या एखाद्या वाड्याची सरकारी दप्तरात पहिली ठळक नोंद होते ती याच यादीतल्या ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक वर्गात, पाडण्यासाठी. त्याच्या लाकडी खांबांची, चौकाची, माजघराची नोंद कुणी कधी घेतलेली नसते.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सवाना शहराने हा प्रश्न कसा हाताळला, ते आपण नीट पाहायला हवं. १७३३मध्ये वसवलेल्या या शहराचा आराखडाच चौकांवर बेतलेला: छोटी बाग आणि तिच्याभोवती घरं. १९५४मध्ये एलिस चौकातला जुना बाजार पाडून तिथे गाड्यांसाठी बहुमजली वाहनतळ उभारला. लोक हळहळले. पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट हाउस हे १८२०चं घर पाडायची वेळ आली, तेव्हा सात बायकांनी संस्था काढून ते विकत घेतलं. नंतर संस्थेने फिरता निधी उभारला: पडायला आलेलं घर घ्यायचं, जपण्याच्या अटीवर विकायचं, आलेल्या पैशातून पुढचं घ्यायचं. एलिस चौकातला तो वाहनतळही अखेर पाडला गेला. गाड्या जमिनीखाली गेल्या आणि २०१०मध्ये चौक पुन्हा खुला झाला. ठाण्यात गावदेवी मैदानाखाली पार्किंग बांधलं, तेव्हा वरचं मैदान मोकळं राहावं हीच अपेक्षा होती. ती पाळली जाते की नाही, यावर ठाणेकरांनी डोळा ठेवला पाहिजे.

पण सवानाच्या यशाची दुसरी बाजूही आहे. घरं सजली, भाव वाढले आणि तिथले गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय, भाडेकरू बाहेर ढकलले जाऊ लागले. ज्या ली ॲडलरने फिरत्या निधीचं काम पुढे नेलं, त्यानेच १९७४मध्ये वेगळी संस्था काढली. व्हिक्टोरियन वस्तीतली घरं दुरुस्त करायची आणि जुन्याच रहिवाशांना परवडेल अशा भाड्याने द्यायची, हे तिचं काम. घर वाचलं आणि माणूस गेला, तर वाचलं काय, हा प्रश्न त्या माणसाने स्वतःच्या यशालाच विचारला. आपण घ्यायचं ते हे.

आपल्याकडे मुंबईत १९९५च्या वारसा नियमावलीने जुन्या वास्तूच्या मालकाला न वापरलेलं चटईक्षेत्र टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणून विकायची वाट दिली. कल्पना चांगली आहे. पण ते पैसे मालकाने कुठेही खर्च करावेत, हे मला मान्य नाही. टीडीआरच्या रकमेतला ठरावीक वाटा त्याच वाड्याच्या दुरुस्तीसाठी बँकेत अडकून राहिला पाहिजे, आणि भाडेकरूचा हक्क करारात लिहिलेला हवा.

शिवाय सगळा वारसा इमारतींत नसतो. डोंबिवलीच्या फडके रोडवर जुनी म्हणावी अशी इमारत शोधावी लागते. तरीही दिवाळीच्या पहाटे आणि गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला सगळी डोंबिवली तिथे लोटते. तो रस्ता आणि गणेश मंदिरापुढची जागा चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवणं, ठाण्याच्या उरलेल्या तलावांचे काठ आणखी आत न सरकू देणं, ही कामंही वारशाचीच आहेत. त्यांसाठी कुणाची जागा घ्यावी लागत नाही आणि खर्चही फार नाही.

कल्याणची सुरुवात पारनाका, टिळक चौक या जुन्या भागातून करता येईल. महापालिकेकडे मालमत्ता कराचं दप्तर आहे, धोकादायक इमारतींची यादी आहे. दोन्ही एकत्र मांडून घरटी नोंद करावी: बांधकाम कधीचं, लाकूड कितपत शाबूत, वारस किती. आणि त्यात आत राहणाऱ्या प्रत्येक भाडेकरूसाठी एक रकाना असावा.