केसपेपरात न मावणारं घर

नागपूरच्या रामदासपेठेत सकाळी दहानंतर गाडी लावायला जागा मिळाली तर नशीबच म्हणायचं. दवाखाने, पॅथॉलॉजी, औषधांची दुकानं, आणि हातात एक्स-रेचं पाकीट धरून पत्ता विचारणारी माणसं. चंद्रपूर-गडचिरोलीपासून पार बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट नागपूर गाठतात. उशिरा आलेल्याला डॉक्टर हमखास विचारतात, ‘इतके दिवस काय करत होता?’

प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर केसपेपरात मावत नाही. ते पेशंटच्या गावी असतं: कापूस वेचणीच्या बुडणाऱ्या मजुरीत, एसटीच्या वेळापत्रकात, घरात पैशाचा निर्णय कोण घेतं यात. होऊ घातलेल्या डॉक्टरला ते कुठे शिकवायचं?

नागपूरपासून साधारण पंचाहत्तर किलोमीटरवर, सेवाग्रामला, यावर एक उपाय शोधला गेला. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले पंधरा दिवस आश्रमात जातात. पुढे त्याच वर्षी अख्खी तुकडी एका गावात पंधरा दिवस मुक्काम ठोकते आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. खरी गंमत शिबिर संपल्यावर सुरू होते, कारण त्याच घरी पुन्हा जायचं असतं. वजन-उंची, रक्तदाब, लसीकरण यांच्या नोंदी पहिल्या खेपेला होऊन जातात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला नोंदवण्यासारखं फारसं उरत नाही, मग गप्पा होतात. दिलेल्या गोळ्या फळीवर तशाच पडलेल्या दिसतात. सल्ला बरोबर होता, तरी पाळला गेला नाही, हे तिथे कळतं. असा अपमान पाठ्यपुस्तक कधी करत नाही.

योगायोग असा, की राष्ट्रीय सेवा योजनाही 1969 चीच. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबरला, ती 37 विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, हा तिचा साचा. या योजनेची टिंगल करणं सोपं आहे: खराटा, प्रभातफेरी, फोटो, प्रमाणपत्र. पण ती टिंगल पुरती न्याय्य नाही. घराबाहेर कधी न राहिलेल्या कित्येक मुलामुलींनी पहिल्यांदा शंभर माणसांचा स्वयंपाक केला आणि पहिल्यांदा अनोळखी माणसांपुढे उभं राहून भाषण केलं, ते याच शिबिरांत. पण आठव्या दिवशी बस निघते आणि गावाशी नातं बहुधा तिथेच सुटतं. तास मोजले जातात, माणूस पुन्हा भेटत नाही.

त्याच घरी पुन्हा पुन्हा जाण्याचं महत्त्व राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला पटलेलं दिसतं. 2021-22 च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना कुटुंब दत्तक देण्याचा कार्यक्रम अभ्यासक्रमात आला. ‘दत्तक’ हा शब्द मात्र खटकतो. अठरा वर्षांचं पोर, त्याला ओसरीवर बसवून चहा पाजणारी बाई साठीची. दत्तक कोणी कोणाला घेतलं? शिकतो तो विद्यार्थी, वेळ जातो कुटुंबाचा. त्या घराला निदान रुग्णालयात ओळखीचा एक चेहरा मिळायला हवा, नाहीतर ती सेवा नव्हे, फुकटचा सराव.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे कला-वाणिज्याच्या मुलांनाही समाजसहभागाचे क्रेडिट मिळवायचे आहेत. नागपूरच्या कॉलेजांना त्यासाठी लांब जायची गरज नाही. रामदासपेठेतच दवाखान्याबाहेर डबा घेऊन बसलेले नातेवाईक आहेत. सरकारी योजनेचा फॉर्म कुठे भरायचा, कोणता कागद कमी पडतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. एका विद्यार्थ्याने एकाच कुटुंबाची फाईल शेवटपर्यंत धरून ठेवावी, इतकं काम पुरेसं आहे. अडचण वेळापत्रकाची आहे. क्षयरोगाचा साधा उपचारच सहा महिने चालतो. सत्र त्याच्या आधी संपतं, गुण भरले जातात, आणि पुढच्या सत्राला नवी मुलं तीच प्रश्नावली घेऊन त्याच माणसांपुढे उभी राहतात.