धांवपट्टीवरील पाहुणा

विमानतळाच्या कांचेआड वाट पाहत बसलेल्या मनुष्यापाशीं वेळ पुष्कळ असतो आणि पाहण्यासारखें फारसें नसतें. तींच तीं प्रवासी विमानें, त्यांच्या कुशीवरील खिडक्यांची तीच सरळ ओळ, शेपटीवरील तींच परिचित चिन्हें. अशा वेळीं दूरच्या कोपऱ्यांत एखादें निराळेंच विमान उभें असलेलें दिसतें. पंख पोटाखालून न निघतां पाठीवरून निघालेले, कुशीला खिडक्यांची ओळ नाहीं, शेपटीखालीं मोटारी सहज आंत जातील एवढें दार, आणि अंगावर परक्या देशाच्या सैन्याची निशाणी. पाहणारा क्षणभर चकित होतो, शेजाऱ्यास बोटानें दाखवितो, आणि आपल्या विमानाची घोषणा झाली कीं उठून चालूं लागतो. ह्या क्षणभराच्या आश्चर्यांत कांहीं नीतीचा प्रश्न दडलेला आहे काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, असें विमान सहसा चुकून येत नाहीं. सन १९४४ मध्यें शिकागो येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या करारानें लष्कर, जकात व पोलीस ह्यांच्या कामीं लागणारीं विमानें सरकारी ठरविलीं, आणि परराष्ट्राच्या अनुज्ञेवांचून त्यांनीं त्याच्या भूमीवरून उडूं नये वा तेथें उतरूं नये असा निर्बंध घातला. संकटांत सांपडलेल्या विमानाचा अपवाद सोडला, तर धांवपट्टीवर दिसणारें परक्या सैन्याचें विमान म्हणजे कोणीतरी दिलेल्या होकाराचें दृश्य रूप होय. हा होकार कोणाचा? कायद्याच्या भाषेंत तो राष्ट्राचा. आणि जेथें राज्य लोकांचें आहे तेथें तो त्या कांचेआड बसलेल्या प्रवाशाचाही.

ही केवळ कल्पना नव्हे. असा प्रसंग मुंबईच्या दाराशीं एकदां येऊन गेला आहे. इराकनें ऑगस्ट १९९० मध्यें कुवेत गिळंकृत केलें, आणि पुढील जानेवारीच्या १७ तारखेस त्याच्याविरुद्ध युद्धास तोंड लागलें. त्या सुमारास पूर्वेकडून आखाताकडे जाणारीं अमेरिकन सैन्याचीं मालवाहू विमानें मुंबईच्या नागरी विमानतळावर उतरून इंधन घेऊं लागलीं. अनुज्ञा चंद्रशेखर ह्यांच्या सरकारनें दिली होती. परंतु लोकांस ती कळली ती वृत्तपत्रांतून. मोठी ओरड झाली. ज्या काँग्रेसच्या आधारावर तें सरकार उभें होतें, तिचे अध्यक्ष राजीव गांधी ह्यांनींही उघड विरोध केला, आणि फेब्रुवारींत हें इंधन देणें बंद पडलें.

सरकारचा पक्ष अगदींच दुबळा होता असें नाहीं. इराकनें कुवेत सोडावें म्हणून बळाचा उपयोग करण्यास संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीनें नोव्हेंबर १९९० मध्येंच संमति दिली होती. शिवाय देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती, आणि त्याच जानेवारींत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारें १८० कोटी डॉलरांचें साहाय्य घ्यावें लागलें होतें. अशा अडचणींतल्या गृहस्थानें बलाढ्य वाटसरूस घोटभर पाणी दिलें, तर त्याला दोष कसा द्यावा? इंधन म्हणजे कांहीं शस्त्र नव्हे. आणि अतिथीस विन्मुख पाठवूं नये हा तर आपला कुळाचार.

असें म्हणणाऱ्यांनीं महाभारतांतील शल्याची कथा आठवावी. मद्रराज शल्य हा नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. तो आपली सेना घेऊन पांडवांच्या साहाय्यास निघाला असतां दुर्योधनानें त्याच्या वाटेवर ठिकठिकाणीं विश्रामगृहें उभारून सेनेचा उत्तम पाहुणचार करविला. ही व्यवस्था युधिष्ठिराचीच, अशा समजुतीनें शल्य संतुष्ट झाला व व्यवस्था करणाऱ्यास वर देण्यास सिद्ध झाला. तोंच दुर्योधन पुढें आला, आणि मामाला भाच्यांविरुद्ध उभें राहणें प्राप्त झालें. कूच करणाऱ्या सैन्यास दिलेला घांस हा नुसता घांस राहत नाहीं, हें व्यासांस पक्कें ठाऊक होतें. फरक एवढाच कीं, शल्यास आपला यजमान कोण हें माहीत नव्हतें. मुंबईंत मात्र यजमानासच आपण यजमान आहोंत ह्याची वार्ता नव्हती. अज्ञानांत घडलेल्या आतिथ्यानें बांधला जाणारा मनुष्य, मग तो पाहुणा असो वा यजमान, फसलेलाच असतो.

म्हणून परक्या सैन्याचें प्रत्येक विमान अमंगळ, असा सिद्धांत मात्र कोणी काढूं नये. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत पाकिस्तानी वायुदलाचें मालवाहू विमान तंबू व कांबळीं घेऊन अहमदाबादेस उतरलें. कारगिलची लढाई होऊन पुरतीं दोन वर्षेंही लोटलीं नव्हतीं. विमान सैन्याचेंच, आणि तेंही कालपरवांच्या शत्रूचें. परंतु तें उघडपणें आलें, आणि त्याच्या पोटांत काय आहे हें लपविण्याचें कोणास कारण नव्हतें. तेव्हां दोष विमानाच्या जातींत नाहीं. जो होकार दिवसाउजेडीं देतां येतो, तो चूक ठरला तरी सुधारतां येतो. अंधारांत दिलेला होकार बरोबर असला तरी तो आपला आहे असें लोकांस म्हणतां येत नाहीं.

आयर्लंडचें उदाहरण ह्याहून अधिक बोधप्रद आहे. तें राष्ट्र कोणत्याही लष्करी गोटांत नाहीं. परक्या सैन्याच्या विमानांस तेथें मंत्र्यांची अनुज्ञा लागते, आणि विमान निःशस्त्र असावें, त्यांत दारूगोळा नसावा, अशा अटी सामान्यतः असतात. असें असतां सन २००३ च्या इराक युद्धाच्या वेळीं शॅनन येथील नागरी विमानतळावरून अमेरिकन सैनिकांची ये-जा चालली. एक निवृत्त लष्करी अधिकारी न्यायालयांत गेला. मोठ्या प्रमाणावर सैन्य वा दारूगोळा आपल्या भूमीवरून युद्धभूमीकडे जाऊं देणें तटस्थ राष्ट्रास शोभत नाहीं, हा राष्ट्राराष्ट्रांतील रूढ नियम न्यायालयानें मान्य केला; परंतु त्या नियमानें सरकारचे हात बांधण्याचें नाकारलें. अटी पाळल्या जातात हें ठरविण्यास सरकार पाहुण्याच्या शब्दावर विसंबतें. आंत शिरून पाहत नाहीं. म्हणून कांहीं नागरिक वर्षानुवर्षें कुंपणाबाहेर उभे राहून कोणतें विमान केव्हां उतरलें ह्याची नोंद ठेवीत आले आहेत. न्यायालय जेथें थांबलें आणि सरकार जेथें डोळे मिटून घेतें, तेथें पाहण्याचें काम त्यांच्याकडे आलें.

ह्यावर आक्षेप असा येईल कीं, राज्यकारभारांतील प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर मांडतां येत नाहीं. तें खरें आहे. ज्या बातमीनें कोणाचा जीव धोक्यांत येईल ती कांहीं काळ झांकून ठेवणें हें शहाणपणच होय. परंतु झांकणें निराळें आणि कधींच हिशेब न देणें निराळें. गुप्ततेस मुदत असावी, आणि ती संपतांच काय केलें व कां केलें हें सांगण्याची तयारी असावी. ज्याची ही तयारी नाहीं त्याची गुप्तता शत्रूपासून नसून आपल्याच लोकांपासून असते.

कांचेआडच्या प्रवाशानें कांहीं पराक्रम करावा अशी अपेक्षा नाहीं. विमान पाहून त्यानें लगेच कटाचा संशय घेणें हेंही न्यायाचें होणार नाहीं. कदाचित् त्यांत कांबळींच असतील. त्यानें विचारावें, एवढेंच. हें कोणाचें? काय घेऊन निघालें आहे? आपल्यापैकीं कोणीं, आणि कां, ह्यास येऊं दिलें? उत्तर चांगलें असेल तर देणाऱ्याचें कांहीं जात नाहीं. उत्तर मिळालें नाहीं तरी प्रश्न विचारला गेला, ह्यालाही अर्थ आहे. मुंबईंतील तें इंधन लोकांनीं विचारलें म्हणूनच थांबलें. तें थांबावयास हवें होतें कीं नाहीं ह्याविषयीं मतभेद होऊं शकतो, परंतु तें ठरविणें हें आपलें काम होतें, ह्याविषयीं होऊं नये.