चैत्री वारीचे ऊन आणि तितिक्षा



वारकरी सज्जनहो, आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या आपल्या चार वाऱ्या. त्यांपैकी चैत्री ही उन्हाची वारी. चैत्र शुद्ध एकादशी २०२३ साली एप्रिलच्या आरंभीच आली, २०२४ साली ती १९ एप्रिलला होती. तिथी कशीही येवो, सोलापूर जिल्ह्यातले ऊन काही कोणाची वाट पाहत नाही. पारा चाळीस अंशांपुढे जाणे तिथे नवलाचे नाही. या वारीला पायी येणारे आहेत, परंतु पुष्कळ मंडळी एसटीने, जीपने, ताडपत्री बांधलेल्या टेम्पोने, नाहीतर कुर्डुवाडीला गाडी बदलून रेल्वेच्या साध्या डब्यातून येतात. गार हवेची गाडी त्यांच्या वाट्याला येत नाही, आणि तिच्यावाचून वारी अडलेलीही नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की या उन्हातून जायचे कसे?

यावर दिंडीत हमखास एक उत्तर ऐकू येते. "देवाच्या वाटेला लागल्यावर पाणी पाणी काय करायचं? सोसायचं!" कोणी थोडे वाचलेले असले तर ते गीतेचा दाखलाही देतात. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला शीतोष्ण आणि सुखदुःख सहन करण्यास सांगितले आहे, ते खोटे कसे म्हणावे? खोटे मुळीच नाही. पण त्या श्लोकाचा अर्थ काय तो नीट पाहिला पाहिजे, कारण अर्थ चुकला तर येथे माणूस दगावतो.

इंद्रियांचा विषयांशी स्पर्श झाला की थंड-ऊन, सुख-दुःख उत्पन्न होते. ते येते आणि जाते. आले म्हणून मनाने कोसळू नये, गेले म्हणून हुरळू नये, ही तितिक्षा. ती मनाची आहे. उन्हात बसची वाट पाहताना कपाळाला आठ्या न घालणे, शेजाऱ्यावर न खेकसणे, नामात खंड न पडू देणे हे सगळे तितिक्षेत येते. तहान लागली असता तांब्या दूर सारणे मात्र तिच्यात येत नाही.

येथे एखादा शास्त्री उठून आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. आचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेचे लक्षण करताना दुःखावर उपाय न करता ते सहन करणे असे स्पष्ट म्हटले आहे. मग पाणी पिणे हा उपाय नव्हे काय? आक्षेप बिनतोड दिसतो खरा. पण तेथे अधिकारी कोण ते पाहा. तो ग्रंथ साधनचतुष्टयसंपन्न मुमुक्षूसाठी आहे. सर्वसंगपरित्याग करून गुरूपाशी गेलेल्या साधकाचे ते लक्षण. तुम्ही आम्ही संसारी माणसे. घरी गुरेढोरे आहेत, नातवंडे आहेत, शेत नांगरायचे आहे. शिवाय त्याच लक्षणात चिंता आणि विलाप यांचा अभावही सांगितला आहे, तो सोसण्याचा हट्ट धरणाऱ्यांना सहसा आठवत नाही. पाणी न पिता वाटभर कण्हत राहणारा दोन्हीकडून गेला! आणि गीतेच्याच सतराव्या अध्यायात, शास्त्रात न सांगितलेले घोर तप करून देहाला आणि देहात वसणाऱ्या आपल्यालाही पीडा देणाऱ्यांची गणना भगवंतांनी आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे. पंचाग्निसाधन म्हणजे चहूबाजूंनी अग्नी आणि वर सूर्य. ते पार्वतीने केले, तिला ते शोभले. टेम्पोच्या ताडपत्रीखाली बसून ते करायला आपल्याला कोणी सांगितले आहे?

पण वचनाला वचन लावून वाद मिटत नाही. ज्यांनी शीतोष्ण सहन करायला सांगितले त्यांनी स्वतः पुढे काय केले ते पाहा.

भारती युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. त्या दिवशी एकेक घटकेचे मोल प्राणाएवढे होते. सूर्य पश्चिमेकडे कलला, जयद्रथ अजून दूर, आणि रथाचे घोडे थकले. अंगात बाण रुतलेले, घसा कोरडा पडलेला. अशा वेळी सारथी काय म्हणेल? "थोडेच राहिले आहे, हाणा घोडे" असेच ना? द्रोणपर्वात तसे नाही. तेथे भर रणांगणात रथ थांबला. अर्जुन खाली उतरून पायीच शत्रूला थोपवू लागला. घोड्यांना प्यायला पाणी नाही असे भगवंतांनी सांगताच त्याने अस्त्राने भूमी भेदून जलाशय निर्माण केला, आणि सावलीसाठी बाणांचे घर उभे केले. मग त्या जगन्नायकाने काय केले? घोडे सोडले, त्यांच्या अंगातले शल्य आपल्या हातांनी काढले, अंग चोळले, पाणी पाजले, न्हाऊ घातले, चारा दिला. घोडे ताजेतवाने झाल्यावर ते पुन्हा रथाला जोडले. आणि जयद्रथ सूर्यास्ताआधी पडला.

कठोपनिषदात इंद्रियांना घोडे आणि देहाला रथ म्हटले आहे, हे तुम्ही प्रवचनांतून अनेकदा ऐकले असेल. त्या रथाला पंढरीला न्यायचे आहे. प्रतिज्ञेच्या दिवशी भगवंतांना घोडे सोडायला वेळ होता, आणि आमच्या टेम्पोच्या ड्रायव्हरला टेंभुर्णीच्या अलीकडे झाडाखाली दहा मिनिटे गाडी उभी करायला वेळ नसतो. "दर्शनबारी वाढते महाराज!" वाढू द्या.

आता मी हे एवढ्या आग्रहाने का लिहितो ते सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्रातच, भर दुपारी, आमच्या सोबतच्या टेम्पोतील साठीच्या पुढचे एक माळकरी असंबद्ध बोलू लागले. स्वतःचे गाव सांगता येईना. डोळे लाल, मध्येच हसत, मध्येच हात जोडीत. मंडळींना वाटले, भाव दाटला. दोघातिघांनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले, टाळांचा जोर वाढला. मागच्या बाजूला बसलेली एक म्हातारी माउली वाट काढीत पुढे आली. तिने त्यांच्या मानेला हात लावला आणि ओरडली, "अरं, अंग बघा की ह्याचं! तव्यावानी तापलंय. भाव न्हाई रं बाबांनो, ऊन लागलंय त्याला. गाडी थांबवा!" गाडी थांबली. तिनेच त्यांचा सदरा काढायला लावला, घागरीतले पाणी अंगावर ओतले, आपले लुगडे ओले करून मानेखाली घातले आणि चौघांना उपरण्यांनी वारा घालायला बसवले. दवाखान्यात पोचेपर्यंत ते शुद्धीवर येऊ लागले होते. ते गृहस्थ वाचले. डॉक्टरांनी सांगितले, वाटेत अंग गार केले म्हणून वाचले.

हे नीट ध्यानात धरा. देहाची उष्णता चाळीस अंशांच्या घरात गेली की पहिला घाव मेंदूवर पडतो. बोलणे भरकटते, तोल जातो, माणूस चिडतो किंवा गुंगतो. पुष्कळांचे अंग कोरडे पडते, पण काहींना घामही सुटलेला असतो, म्हणून घामावरून निवाडा करू नये. उन्हात भान सुटले की तो उष्माघात समजावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत किंवा काढावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघा येथे ठेवावा. तापाची गोळी येथे लागू पडत नाही. आणि शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, तीर्थसुद्धा नाही. ते श्वासनळीत जाते.

ही वेळच येऊ नये म्हणून काय करावे? प्रवास पहाटे धरावा आणि अकरा-साडेअकराच्या आत मुक्काम गाठावा, किंवा चार वाजता निघावे. पुण्याकडून पंढरपूरला जाताना गाडीचे तोंड साधारण आग्नेयेला असते, म्हणून सकाळी ऊन डाव्या अंगाला आणि दुपार टळल्यावर उजव्या अंगाला येते. म्हाताऱ्यांना त्याप्रमाणे बसवावे. परतताना याच्या उलट. टेम्पोला ताडपत्री वरून असावी, चारही बाजूंनी आवळू नये. ऊन येऊ नये म्हणून गाडी बंद करतात आणि तिची भट्टी होते. खिडकीचा वारा लागतो म्हणून निर्धास्त राहणेही बरोबर नाही. हवा अंगापेक्षा गरम असली की तो वारा कोरड्या अंगाला गार करीत नाही, उलट तापवतो. अंग किंवा कपडा ओला असेल तरच त्याचा उपयोग. माठ गार राहतो तो याच न्यायाने. त्याच्या अंगातून पाझरलेले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणून उपरणे भिजवून डोक्याला आणि मानेला गुंडाळावे, पाण्याच्या बाटलीला ओले फडके बांधून ती वाऱ्यात ठेवावी.

कोकणपट्टीच्या दमट हवेत हाही उपाय लंगडा पडतो, कारण घाम आणि पाणी उडतच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानात भरलेल्या सोहळ्यात उन्हाने १४ माणसे गेली. तेथला पारा काही विदर्भासारखा चढलेला नव्हता. श्रद्धेने बसलेली माणसे होती ती.

खिशात कांदा ठेवण्याविषयी विचारतात. माळकऱ्याने खिशात कांदा बाळगावा की नाही हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. खिशातल्या कांद्याने ऊन उतरत नाही एवढे खरे.

एकादशीच्या उपवासाचे मात्र जपले पाहिजे. घामाबरोबर पाणी जाते तसे मीठही जाते. उपवासाला सैंधव चालते, ते सोडू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, आवडीपुरते लिंबू पिळावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे घेत जावे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपल्याकडे कैरीचे पन्हे करतात, ते काही उगीच नाही. ज्यांना डॉक्टरांनी मीठ किंवा साखर कमी करायला सांगितली आहे, किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आणि पाणी देण्याविषयी. आपल्या शास्त्रात प्रपादान म्हणजे पाणपोई घालणे हे थोर पुण्य मानले आहे. अक्षय्य तृतीयेला उदकुंभ देण्याची चाल आहे. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, हे आख्यान कीर्तनकार तासभर रंगवतात, श्रोते डोळे पुसतात. आणि मंडपाच्या दाराशी पाहावे तर माठ कोरडा असतो.

खुद्द पांडुरंगाचे काय चालते पाहा. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र निघेपर्यंत रोज दुपारी देवाला चंदनाची उटी लावतात. विटेवर अठ्ठावीस युगे उभा राहणारा तो, त्याला काय ऊन बाधणार? पण आपल्या पूर्वजांना त्याच्या अंगाची काळजी वाटली. आषाढीत अहोरात्र उभे राहून देव शिणतो म्हणून प्रक्षाळपूजेला त्याला काढा देतात. ज्या संप्रदायात देवालासुद्धा उन्हाचा आणि शिणाचा त्रास होतो असे मानून उपचार करतात, त्या संप्रदायात भक्ताने मात्र तहानेला पाप समजावे, हे कोठून आले?

एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण दिंडीचालकांसाठी लिहितोच. आपल्या आयाबहिणी गाडीत पाणी पीत नाहीत. त्यांना तहान नसते असे नाही आणि त्या तपही करीत नसतात. वाटेत लघुशंकेची सोय नाही, पुरुषांसारखे रस्त्याकडेला उभे राहता येत नाही, आणि "गाडी थांबवा" म्हणायची लाज वाटते. म्हणून सकाळपासून ओठ ओले करून बसतात, आणि उन्हाने पहिल्या त्याच आडव्या होतात. कितीही माठ भरून ठेवले तरी याला इलाज होत नाही. तेव्हा गाडी ठरवतानाच वाटेतले एसटी स्थानक, पेट्रोल पंप, ओळखीच्या वारकऱ्याचे घर अशा जागा आधी नक्की करून ठेवाव्यात, दर दीड-दोन तासांनी कोणी मागितले नाही तरी गाडी थांबवावी, आणि थांबण्यापूर्वी विणेकऱ्याने मोठ्याने सांगावे, "माउल्यांनो, आता पाणी प्या. पुढे सोय आहे."