पोलिसांच्या पत्राआधीचे ७२ तास

बलात्काराची एखादी घटना गाजली की महाराष्ट्रात फाशीची मागणी उठते, आणि डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केलेले शक्ती विधेयक हे त्याच मागणीचे कायदेशीर रूप होते. या मागणीचे अनेक समर्थक लैंगिक हिंसेला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणण्यास हरकत घेतात. गुन्ह्याला आजार ठरवले की गुन्हेगार दृष्टीआड होतो, असे त्यांचे म्हणणे असते. हा आक्षेप वरवरचा नाही. डेंग्यूच्या साथीत डासावर खटला भरला जात नाही. येथे मात्र कृत्य करणारा माणूस असतो आणि त्याने त्या कृत्याचा जाब दिलाच पाहिजे. हिंसेची ‘साथ’ पसरल्याची भाषा करणारे आरोग्यतज्ज्ञ या ठिकाणी खरोखरच चुकतात.

तथापि दवाखान्याने उपचार करावेत आणि न्यायालयाने न्याय, ही जी स्वच्छ विभागणी आक्षेपक गृहीत धरतात, ती भारतात कधी अस्तित्वातच नव्हती. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत आणि योनिपटलाच्या फाटी जुन्या आहेत, असे वैद्यकीय अहवालात नोंदले गेले. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचा निष्कर्ष काढला. नागपूर खंडपीठाने आरोपी पोलिसांना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने जखमांच्या अभावातून संमती वाचली आणि त्यांना मुक्त केले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने हा तर्क उघडा पाडला आणि १९८३ ची कायदादुरुस्ती घडून आली. दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटे घालून स्त्रीच्या पूर्वसंबंधांविषयी अनुमान काढण्याची अवैज्ञानिक पद्धत, मात्र पुढेही चालूच राहिली. ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्येही बजावावे लागले. तपासणीच्या टेबलावरच्या स्त्रीला रुग्ण न मानता केवळ मुद्देमाल मानल्याचा हा परिणाम आहे.

रुग्ण मानले की घड्याळ बदलते. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी उत्तम, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा रोखणारी गोळीही पहिल्या ७२ तासांत अधिक भरवशाची असते. हिपॅटायटिस बी ची लस आणि जखमांची मलमपट्टी यांनाही ताटकळणे परवडत नाही. कॅज्युअल्टीच्या दारात ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ असे सांगितले जाते तेव्हा हेच तास वाया जातात. वस्तुतः अशा पत्राविना तपासणी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच स्पष्ट केले आहे, आणि २०१३ च्या दुरुस्तीने सरकारी व खासगी अशा सर्वच रुग्णालयांना मोफत उपचार बंधनकारक केले, ते नाकारणे हा गुन्हा ठरवला.

परंतु आरोग्याच्या दृष्टीचे खरे सामर्थ्य यापुढे दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लैंगिक हिंसा सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांपैकी बहुतेकींनी पतीचेच नाव घेतले आहे, आणि मदत मागणाऱ्या थोड्याच आहेत. पत्नी सज्ञान असेल तर पतीचे कृत्य भारतीय न्याय संहितेत बलात्कार ठरत नाही. म्हणजे सर्वांत व्यापक हिंसेपुढे फौजदारी कायदा डोळे मिटून घेतो आणि शिक्षा कितीही कठोर केली तरी ती येथवर पोहोचत नाही. याउलट सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या कायद्यापुरता बलात्काराच्या अर्थात पतीने केलेला बलात्कारही सर्वोच्च न्यायालयाने समाविष्ट केला. जिच्यासाठी फौजदारी न्यायालयाचे दार बंद आहे, तिला डॉक्टरने मात्र अत्याचारग्रस्त म्हणून ओळखावे, अशी ही स्थिती आहे.

मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राने ही ओळख ओपीडीच्या रोजच्या कामात आणली. तेथे समुपदेशन मिळवण्यासाठी स्त्रीने आधी तक्रार नोंदवलेली असावी लागत नाही. पुन्हा पुन्हा दुखापत घेऊन येणाऱ्या, विष पिऊन दाखल झालेल्या किंवा नको असलेला गर्भ घेऊन आलेल्या स्त्रीला घरी काय घडते हे परिचारिकेने एकांतात विचारायचे असते. त्यासाठी तिला प्रशिक्षण हवे, बोलायला आडोसा हवा आणि समुपदेशकाचे पद कंत्राटी नको. विधिमंडळाने पैसा आणि हट्ट दोन्ही या गोष्टींसाठी खर्च करायला हवेत.