फळ्यांच्या आड

ज्या शहराने २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी प्यायले, त्या शहरात एखाद्या माणसाने जहाज बांधायला घ्यावे, याला शेजारी हसले तर त्यात त्यांचा दोष नाही. लातूरहून समुद्र कोणत्याच दिशेला जवळ नाही. पण परदेशात नोकरीला असलेल्या भाच्याने सुट्टीवर येताना एक पेटी आणली आणि "मामा, निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणता ना, घ्या" असे म्हणून ती माझ्यापुढे ठेवली. पेटीत दोन डोलकाठ्यांचे, सव्वा फुटाचे लाकडी जहाज होते. म्हणजे जहाज व्हायचे होते. तूर्त होते ते प्लायवूडचे कापलेले तुकडे, लाकडाच्या बारीक पट्ट्यांचे जुडगे, पितळेचे बारीक खिळे, दोऱ्याची रिळे आणि टेबलभर पसरणारा नकाशा.

अशा जहाजाची रचना मोठ्या जहाजासारखीच असते. आधी कणा. कण्याच्या खाचांत एकामागून एक उभ्या बरगड्या बसवायच्या. त्या काटकोनात बसल्या पाहिजेत आणि त्यांच्या कडा कानशीने तिरप्या घासल्या पाहिजेत, म्हणजे वरून येणारी पट्टी प्रत्येक बरगडीवर सपाट टेकते. पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून वाकवायच्या, चिकटवायच्या, खिळ्यांनी धरायच्या. एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे. एकच बाजू आधी पुरी करू गेले तर कणा पिळवटतो. हा पहिला थर झाला की त्यावर अक्रोडाच्या पातळ पट्ट्यांचा दुसरा थर चढतो आणि आतले सर्व कायमचे झाकले जाते. बरगड्या त्यानंतर कोणालाही दिसत नाहीत. बांधणाऱ्यालाही नाही.

रविवारी चर्चमध्ये बसलो असताना वर पाहिले आणि वाटले, आपण उलट्या जहाजातच बसलो आहोत. भाविक बसतात त्या मधल्या दालनाला युरोपातील लोक लॅटिनमधील 'नाविस' या शब्दावरून नाव देतात. नाविस म्हणजे नाव, होडी. आपला 'नाव' हा शब्द आणि तो शब्द एकाच मुळाचे. असो.

मिस्साला जायची वेळ झाली होती म्हणून चौथी बरगडी मी घाईने चिकटवली. गुण्या लावून पाहिला नाही. ती केसभर कलली होती. दोन्ही अंगांनी आठ-आठ पट्ट्या चढल्यावर उजव्या कुशीवरून हात फिरवला तेव्हा बोटांना खळगा लागला. डोळ्यांना तो फारसा दिसत नव्हता. बोटांना मात्र दर वेळी लागायचा.

नाताळच्या सुट्टीत नांदेडहून नातू आला होता. गोदावरीच्या घाटांवर वाढलेला मुलगा. होडीबद्दल त्याला आजोबांपेक्षा अधिक कळते असा त्याचा समज आहे आणि तो बहुधा खराही आहे. त्याने खळग्यावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "आजोबा, लांबी भरा ना. वरून दुसरा थर बसणारच आहे. कोणाला दिसणार आहे?"

प्रश्न सरळ होता. मी उत्तर देऊ शकलो नाही, आणि गेले काही महिने त्याच उत्तराचा शोध घेत आहे.

प्रथम मुलाची बाजू मांडली पाहिजे, कारण ती भक्कम आहे. लांबी भरणे म्हणजे फसवणूक नव्हे. पेटीतील सूचनापत्रातच फटी लांबीने भराव्यात असे लिहिले आहे. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की, करवत करायची तर कारागीर लोखंड घेतो, काच नाही; काच अधिक सुंदर असली तरी तिने लाकूड कापले जाणार नाही. वस्तूचा चांगलेपणा तिच्या प्रयोजनावरून ठरतो. मग माझ्या जहाजाचे प्रयोजन काय? ते पाण्यात उतरणार नाही, वादळ झेलणार नाही, त्यात कोणी माणूस बसणार नाही. ते कपाटावर उभे राहून दिसणार आहे, एवढेच. जे केवळ दिसण्यासाठी आहे, त्यात न दिसणारा दोष हा दोषच कसा? हा युक्तिवाद मला अजूनही पूर्णपणे खोडता आलेला नाही.

पण लातूर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला 'आत काय आहे ते कोणाला दिसणार' हे वाक्य शांतपणे ऐकून घेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे असताना, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन होऊन गावे गाढ झोपली होती. हजारो माणसे गेली. त्यानंतरच्या दिवसांत त्या गावांतून जे फिरले, त्यांनी भिंतींची पोटे उघडी पडलेली पाहिली. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या त्या भिंती बाहेरून गढीसारख्या दिसत. प्रत्यक्षात ती एक भिंत नव्हती. दगडांचे दोन पापुद्रे होते, एक बाहेरचा, एक आतला, आणि मध्ये गोटे व माती. दोन्ही पापुद्रे एकमेकांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब जोडदगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर सागवानी तुळया, त्यांवर किलचाचे छत आणि छतावर वर्षानुवर्षे चढत गेलेले मातीचे थर. हादरा बसला तेव्हा पापुद्रे सुटे झाले आणि माळवद खाली आले.

जोडदगड बाहेरून पाहणाऱ्याला ओळखू येत नाही. दर्शनी बाजूला त्याचे केवळ एक तोंड दिसते, इतर दगडांसारखेच. तो आरपार गेला आहे की हातभर आत जाऊन संपला आहे, हे फक्त गवंड्याला ठाऊक असते.

इथवर आल्यावर निबंध संपवणे सोपे होते: झाकलेला दोष माणसे मारतो, म्हणून नातवा, लांबी भरू नये. पण हे प्रामाणिक होणार नाही. ते गवंडी काही लबाड नव्हते. त्यांनी आजोबा-पणजोबांनी बांधले तसे बांधले. दख्खनचे पठार स्थिर आहे असे शास्त्रज्ञही मानत होते. त्या वेळच्या नकाशात लातूरचा समावेश भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या क्षेत्रात होता. १९९२ साली किल्लारीला धक्के बसले होते हे खरे, पण तोवर घरे उभी राहून पिढ्या उलटल्या होत्या. त्यांच्या भिंतीतील उणीव प्राणघातक होती आणि तरीही ती पाप नव्हती. माझ्या जहाजातील उणीव कोणाला ओरखडाही काढणार नव्हती. मग ती मला का टोचत होती?

त्या गवंड्यांच्या आणि माझ्या दोषात फरक एकच होता: मला ठाऊक होते.

येथे पुन्हा संत थॉमस मदतीला येतात आणि पुन्हा अडचणीतही टाकतात. त्यांच्या मते कला म्हणजे करावयाच्या वस्तूविषयीचा योग्य विचार आणि विवेक म्हणजे करावयाच्या कृतीविषयीचा योग्य विचार. कारागिराची स्तुती होते ती त्याच्या कामाबद्दल, मनाबद्दल नाही. म्हणून जाणूनबुजून चुकणारा कारागीर हा अजाणता चुकणाऱ्याहून वरचढ ठरतो, कारण त्याला कला अवगत तरी आहे. विवेकाच्या बाबतीत मात्र नेमके उलट. तेथे जाणूनबुजून चुकणारा अधिक खालचा. म्हणजे लांबी भरून मी कारागीर म्हणून गवंड्यांच्या वर जाणार होतो आणि माणूस म्हणून खाली. ही काही फार मोठी घसरण नव्हे. पापनिवेदनाच्या वेळी फादरांपुढे गुडघे टेकून 'चौथी बरगडी वाकडी आहे' असे सांगितले असते तर ते हसले असते, आणि योग्यच केले असते. पण सद्सद्विवेकबुद्धीपुढे येणाऱ्या काही गोष्टी पापनिवेदनासाठी फार लहान असतात आणि विसरण्यासाठी फार मोठ्या.

मुंबईच्या गोदीचे पारशी जहाजबांधणीकार जमशेटजी बमनजी वाडिया यांची एक गोष्ट सांगतात. इंग्रजांना ओक लाकडाची टंचाई भासू लागली तेव्हा मलबारच्या सागवानातून त्यांच्यासाठी युद्धनौका बांधणारे हेच कुटुंब. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली त्यांची 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. तर गोष्ट अशी की, १८०० साली बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' या नौकेच्या पोटात, कण्याला जोडणाऱ्या आतल्या लाकडावर, जमशेटजींनी एक ओळ कोरली: हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे. 'काळ्या'च्या आधी, गोरे लोक लावत तशी, एक शिवीही होती. त्या वेळी कोणाला त्याचा पत्ता नव्हता. पुढे कित्येक वर्षांनी नौका दुरुस्तीला आली तेव्हा त्यांनी ती ओळ लोकांना दाखवली.

ही गोष्ट आठवली की मला वाटते, झाकलेली जागा आपण नेहमी दोष दडवण्याचीच जागा समजतो. जमशेटजींनी तेथे सत्य ठेवले. बाहेर जे म्हणता येत नव्हते, ते त्यांनी फळ्यांच्या आड लिहिले, आणि ते लिहायला तेथील लाकूड निर्दोष असावे लागते. कुजक्या कण्यावर कोणी आपला अभिमान कोरत नाही. संत योसेफांविषयीही मनात असेच येते. शुभवर्तमानातील 'तेक्तोन' या ग्रीक शब्दाचा अर्थ सुतार असा आपण घेतो. लाकडाचे वा दगडाचे बांधकाम करणारा असाही तो होतो. त्यांनी आणि येशूने नाझरेथमध्ये काय काय घडवले, याची एक ओळही कोणी लिहून ठेवलेली नाही. ती सारी वर्षे फळ्यांच्या आड आहेत.

अखेर मी काय केले ते सांगतो. ओल्या फडक्याने पांढरा डिंक मऊ करीत उजव्या बाजूच्या पट्ट्या सोडवल्या. दोन मोडल्या. बरगडी काढताना तिचा कोपराही तुटला. ओळखीच्या सुतारमामांनी सागाचा एक कपचा दिला, तो तासून बसवला. मामांना कारण सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त गुण्या माझ्या हातात ठेवला. किल्लारीनंतर जी घरे उभी राहिली होती, त्यांच्या भिंतींना पुढे आरपार भोके पाडून सळई आणि काँक्रीटचे जोड घातले गेले, छतांवरची माती उतरवली गेली. ते काम मी पाहिले होते. चांगल्या दिसणाऱ्या भिंतीला भोक पाडू देताना घरमालकाच्या चेहऱ्यावर जे येत असे, ते पट्ट्या उचकटताना मला थोडेसे समजले.

दुसरा थर चढवण्याच्या आदल्या रात्री दिव्याखाली शेवटचे पाहत होतो. डाव्या बाजूची सातवी बरगडीही किंचित बाहेर आली आहे असे दिसले. फार नाही. गुण्या लावला, होती. रात्रीचे अकरा वाजून गेले होते, नातू दुसऱ्या दिवशी नांदेडला परतणार होता आणि त्याला अक्रोडाची पहिली पट्टी स्वतःच्या हाताने लावायची होती.

तेथे मी लांबी भरली. सकाळी नातवाला ती जागा दाखवली. त्याने बोट फिरवून पाहिले, मान डोलावली आणि पट्टी भिजवायला पाणी आणायला गेला.