संकटकाळचा प्रेमळ शब्द

कोणी चांगले काम केले असता त्याच्या तोंडावर त्याची वाखाणणी करावी की न करावी, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत वारंवार निघतो. कित्येक भाविक म्हणतात, स्तुती एका देवाचीच करावी. माणसाला वाखाणले की तो फुगतो. दुसरे कित्येक म्हणतात, पाऊस गेला, कणगी रिकामी झाली, आता नुसत्या शब्दांनी कोणाचे पोट भरणार? या दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. याकरिता आपण शास्त्राच्या उजेडात त्यांचा विचार करू.

आरंभीच्या मंडळीत योसेफ नावाचा कुप्र बेटाचा एक लेवी होता. प्रेषितांनी त्यास बर्णबा, म्हणजे बोधपुत्र, असे नाव दिले; कारण तो खचलेल्यांस धीर देणारा होता. शौलाचे मन पालटल्यावर तो यरुशलेमेस आला, तेव्हा शिष्य त्याला भीत होते. पूर्वी त्याने त्यांचा छळ केला होता, म्हणून हे साहजिकच होते. त्या वेळी बर्णबाने त्यास जवळ करून प्रेषितांकडे नेले, आणि वाटेत त्याला प्रभूचे दर्शन कसे झाले व दिमिष्कात तो येशूच्या नावाने कसा निर्भयपणे बोलला, हे सर्वांस सांगितले. यात खुशामत कोठे आहे? जे घडले तेवढेच त्याने सांगितले. खुशामत करणारा आपल्या लाभाकरिता नसलेला गुण चिकटवितो; प्रेमळ मनुष्य असलेला गुण देवाच्या कृपेचे फळ जाणून बोलून दाखवितो. अशा शब्दाने देवाची स्तुती उणी होत नाही, तर वाढते.

शिवाय, गर्वाचे भय सुखाच्या दिवसांत धरावे. संकटात सापडलेल्याचा रोग बहुधा निराळा असतो. आपल्या हातून काही बरे झाले, हेच त्याला दिसेनासे होते. पंफुल्यात काम सोडून परत गेलेला मार्क पौलास पुढल्या प्रवासात नको होता, परंतु बर्णबाने त्याला आपल्याबरोबर घेतले. पुढे बंदीत असता त्याच पौलाने तीमथ्यास लिहून मार्काला बोलाविले, आणि तो सेवेस उपयोगी आहे अशी साक्ष दिली. एकाने विश्वास टाकला नाही, म्हणून टाकलेला मनुष्य पुनः उभा राहिला.

आता दुसरा आक्षेप. उघड्याला वस्त्र व भुकेल्याला अन्न न देता केवळ गोड निरोप देणे व्यर्थ आहे, असे याकोब आपल्या पत्रात बजावितो. बर्णबाच्या शब्दांत वजन होते, कारण त्याने आपले शेत विकून पैसा प्रेषितांच्या चरणी ठेविला होता. आणि क्लौद्य कैसराच्या वेळच्या दुष्काळात अंत्युखियाच्या मंडळीचे साहाय्य यहूदीयातील बंधूंकडे त्याने व शौलाने पोहोचविले. तथापि अन्नाबरोबर शब्दही हवाच. १९७२ सालच्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी माणसे खडी फोडून पोट भरीत होती. ज्यांनी असे दिवस काढले त्यांस विचारा: टोचून बोलून वाढलेली भाकर घशाखाली उतरत नाही, आणि मायेने दिलेली अर्धी भाकर जन्मभर आठवते.

प्रिय वाचकहो, आपल्या गावात उन्हातान्हात पायी फिरणारा उपदेशक आहे. स्वतःच्या घरी चणचण असता देवाकरिता मूठभर धान्य बाजूला ठेवणारी विधवा आहे. कर्जाखाली दबलेला, तरी दारूस न शिवणारा शेतकरी आहे. त्यांचे काम आपण पाहतो आणि उगे राहतो. मग एखाद्या दिवशी कबरेजवळ उभे राहून त्यांचे गुण सांगतो; पण ऐकणारा तेथे नसतो. जे मेलेल्याविषयी बोलावयाचे, ते जिवंताच्या कानी का घालू नये?

उपदेशकांसही आमची विनंती आहे. दोष दाखविणे हे तुमचे काम आहेच. परंतु ज्याचा दोष दाखविता, त्याचा एक तरी खरा गुण तुम्हांस ठाऊक असू द्या, आणि तो त्याला कळू द्या. येत्या प्रभुवारी उपासना संपल्यावर लगेच घरी निघू नका. जो मागे, खांबाजवळ, मान खाली घालून बसला आहे, त्याच्याकडे जा. जे खरे आहे ते प्रेमाने बोला, आणि त्याच्या घरी चूल पेटली की नाही, हेही विचारा.