पहिला डाव मोडताना

मोबाइलवरच्या काही खेळांत हल्ली मूळ खेळाच्या आधी एक वेगळाच खेळ चालतो. खेळ उतरवून घ्यायचा, सुरुवातीची शिकवणी भराभर बोट आपटत उरकायची, कंपनीने स्वागताला दिलेली हिरेमाणकं उचलायची आणि ती सगळी एका दमात सोडतीवर लावायची. सोडतीतून लढायला पात्रं मिळतात. साधी ढिगाने येतात, दुर्मिळ क्वचित. दुर्मिळ आलं तर पुढे खेळायचं. नाही आलं तर खातं पुसायचं, नवं उघडायचं आणि पुन्हा तीच शिकवणी, तेच हिरे, तीच सोडत. मुलं याला रीरोल म्हणतात. या गाचा पद्धतीच्या खेळांचं माहेर जपान. तिथे हा प्रकार इतका रुळलेला आहे की त्याला ‘रिसेट मॅरेथॉन’चं आखूड केलेलं नाव मिळालं आहे.

वर्ध्यात आमच्या शेजारी बारावी झालेला एक मुलगा आहे. त्याच्याकडे मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं. पडद्यावर प्रकाशाची रेघ आकाशातून खाली येते. निळी आली तर साधं, जांभळी आली तर बरं, सोनेरी आली तर लागली. दहा पात्रं एकापाठोपाठ समोर येतात. प्रत्येकाचं चित्र कुणीतरी मन लावून काढलेलं, प्रत्येकाला नाव, आवाज, एखादं वाक्य. तो एकही वाक्य पुरं होऊ देत नव्हता. ‘काका, यात भारी कोणीच नाही. उडवतो,’ म्हणाला आणि दहाच्या दहा गेली. मी म्हटलं, ‘थोडं खेळून तर पाहा.’ तो म्हणाला, ‘सुरुवातच कमजोर असली तर पुढं रडतच बसा लागते.’

हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यामागे साधं गणित आहे. समजा दुर्मिळ पात्र लागण्याची शक्यता शंभरात एक आहे. मग दहा सोडतींच्या एका फेरीत किमान एक तरी लागण्याची शक्यता साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येते. तीस वेळा खातं पुसून तीस फेऱ्या केल्या, तर ती ९५ टक्क्यांवर जाते. एका फेरीला दहा मिनिटं धरली तरी पाच तास झाले. आणि हे कुठल्याही दुर्मिळ पात्रासाठी. ठरावीक एकच हवं असेल तर फेऱ्या कितीतरी वाढतात.

ज्येष्ठ मंडळी हे ऐकून लगेच कपाळाला हात लावतात. मी लावणार नाही. या पोराने कुणाला फसवलेलं नाही, कुणाचं काही ओरबाडलेलं नाही. उलट या खेळांच्या सबंध व्यवहारात कंपनीपेक्षा त्याचं पारडं जड असण्याचा हा जवळपास एकच क्षण, कारण या सोडती फुकट आहेत. पुढे तसं राहत नाही. २०२० मध्ये आलेल्या गेनशिन इम्पॅक्टमध्ये एका सोडतीत पाच तारे असलेलं पात्र लागण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, आणि नव्वदाव्या सोडतीला ते हमखास मिळतं. नव्वदाच्या जवळ पोचलेल्या मुलाला थांबवून पाहा. आजवर गेलेलं वाया जाईल, या एका भीतीवर तिथून पुढचे पैसे निघतात. जपानमध्ये ठरावीक पात्रांचा संच जमला की मोठं बक्षीस, असा एक प्रकार होता. मुलांच्या हातून फार पैसा जाऊ लागला तेव्हा २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने तो बेकायदेशीर ठरवला. चीनने २०१७ पासून सोडतीतली शक्यता जाहीर करणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. माणसाच्या आशेवर इतक्या काटेकोरपणे धंदा बेतणारे लोक समोर असताना अठरा वर्षांच्या मुलाला आधी नीती शिकवायला बसणं मला न्यायाचं वाटत नाही.

कंपन्यांना रीरोल ठाऊक नाही असंही नाही. एपिक सेव्हन या खेळाने तर नवख्या खेळाडूला सुरुवातीची सोडत तीस वेळा पुन्हा काढून पसंत पडेल ती ठेवायची मुभाच देऊन टाकली. म्हणजे पहिला धडा काय, तर समोर आलेलं घ्यायचं नसतं, मनासारखं येईपर्यंत मोडत राहायचं. हा धडा घेऊन बाहेर पडलेला मुलगा पुढे त्याच बोटांनी सशुल्क सोडती काढणार असतो.

माझी चिंता या धड्याची आहे. गेनशिनमध्ये शिआंगलिंग नावाची एक स्वयंपाकीण आहे, सोबत अस्वलासारखा तिचा एक प्राणी. चारच तारे. ती मिळवायला नशीब लागत नाही, एक टप्पा पार केला की खेळ ती फुकट देतो. जाणते खेळाडू तिला अव्वल चमूंत घेतात. मात्र तिच्यातली ताकद पहिल्या दिवशी दिसत नाही. तिला वाढवावं लागतं, कोणासोबत ती खुलते हे शोधावं लागतं. शेजारच्या मुलाला मी हे सांगितलं तर त्याला ते माझ्याआधीच माहीत होतं. तरी तो पुसतच होता. माहिती एकीकडे आणि बोटाला लागलेलं वळण दुसरीकडे.

आपल्या जिल्ह्यात पहिला डाव मोडण्याची गोष्ट कुणाला नवी नाही. दुबार पेरणी म्हणजे काय ते हिंगणघाट, समुद्रपूर, देवळीतल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मृगाच्या दोन सरी पडतात, माती वरून ओली दिसते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण उशीर झाला तर उतारा घटतो, आणि शेजारच्या धुऱ्यापलीकडे टोबणी सुरू झालेली दिसते. मग बायका ओळीने सरकी टोबत जातात. त्यानंतर पाऊस पंधरा-वीस दिवस तोंड दाखवत नाही. कपाशीच्या बियाण्याची ४७५ ग्रॅमची पिशवी २०२४ मध्ये ८६४ रुपयांना होती. अशा किती पिशव्या मातीत गेल्या, त्यात टोबणीची मजुरी किती, हा हिशेब रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या होतो. आणि दुसऱ्या वेळी कृषी केंद्राच्या दारात उभं राहायचं ते बहुधा उधारीवरच.

पण मोडण्याआधी शेतकरी काय करतो ते पाहण्यासारखं असतं. तो उकिडवा बसतो. टोबलेल्या जागेची माती बोटाने अलगद उकरतो. सरकी फुगली आहे का, सडली आहे का, कोंब निघून वाळला आहे का, की अजून वाट पाहते आहे? एका जागी उकरून तो समाधान मानत नाही. तास धरून चालतो, खोलगट जागेतलं वेगळं पाहतो, उंचवट्यावरचं वेगळं. निम्म्याहून जास्त धरलं असेल तर मोडत नाही, मधले नांगे भरतो. नांगे भरणं हे फार कष्टाचं आणि फार कमी कौतुकाचं काम आहे. जे उगवलं ते ठेवायचं आणि जिथे नाही तिथे पुन्हा एकेक बी लावायचं. अगदीच गेलं असेल तरच वखर घालतो, आणि तेव्हाही त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही.

रीरोल करणारा मुलगा आणि दुबार पेरणी करणारा त्याचा बाप दोघेही पुन्हा सुरुवात करतात. बाप काय मेलं ते पाहून मोडतो. मुलगा जे जिवंत आहे ते न पाहता मोडतो. पुन्हा सुरुवात करण्यात मला काही वाईट दिसत नाही. पण टाकून देण्यापूर्वी आपण माती उकरली का, हा प्रश्न मला खेळापुरता ठेवता येत नाही. महिनाभरात ‘इथे काही जमत नाही’ म्हणून सोडलेली पहिली नोकरी, दोन भेटींत निकालात काढलेलं स्थळ, पहिल्या चाचणीत मागे पडला म्हणून शिकवणी वर्गाने शेवटच्या तुकडीत टाकलेला पोरगा. ही मोडामोड तरुणच करतात असंही नाही. शेवटच्या तुकडीची यादी चांगली पन्नाशीतली माणसं काढतात.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. विदर्भातल्या माणसाला ‘वाट्याला आलं ते गोड मानून घे’ हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं आहे, आणि ऐकवणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा बरं आलेलं असतं. ज्याची सुरुवात खरोखरच कमजोर आहे त्याने ती मुकाट्याने पत्करावी, असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी दरवर्षी सोडत निघते. अर्ज जास्त, जागा कमी. आर्वीची एखादी आई त्या दिवशी मोबाइल हातात घेऊन बसते तेव्हा तिला पाच तास घालवून तीस फेऱ्या करता येत नाहीत. एका मुलासाठी एकच अर्ज, दुसरा भरला तर बाद होण्याची धास्ती. सहा वर्षांच्या लेकराची शाळा चिठ्ठीवर ठरावी अशी व्यवस्था मोठ्यांनी केली, आणि सुरुवात भारी असली तरच पुढे काही खरं, हे शेजारचा मुलगा त्याच व्यवस्थेत वाढताना शिकला. मोबाइलने त्याला ते फक्त रंगीत करून दाखवलं.

याच वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. सात वर्षांचं सक्तीचं आणि मोफत शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफलेलं, देशातल्या प्रत्येक मुलाला, असा तिचा ठराव होता. पुढे झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. त्यातल्या सूतकताईबद्दल मतभेद असू शकतात, मलाही काही आहेत. पण सुरुवात सर्वांची सारखी असावी, तिथे चिठ्ठी टाकायची वेळच येऊ नये, हा त्या ठरावाचा गाभा होता. तो आपण कधी गंभीरपणे घेतला नाही, आणि घ्यायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

परिषदेच्या आदल्याच वर्षीची गोष्ट तर रीरोलच्या अगदी उलट आहे. साबरमतीचा आश्रम गांधीजींनी १९३३ मध्ये विसर्जित केला. माणसं, जमीन, नावलौकिक, सगळं जमलेलं ठिकाण. त्यानंतर जमनालाल बजाजांच्या आग्रहाने ते वर्ध्यात आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी जवळच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. वय ६६. गावाला धड रस्ता नाही, पोस्ट नाही, वस्ती बहुतांश दलितांची, पावसाळ्यात चिखल आणि साप, आणि हिवताप ठरलेला. राहण्याच्या झोपडीवर १०० रुपयांपेक्षा जास्त खर्च होता कामा नये आणि सामान आसपासचंच हवं, अशी त्यांची अट होती. त्याच वर्षी ते स्वतः हिवतापाने आजारी पडले आणि वर्ध्याच्या रुग्णालयात त्यांना ठेवावं लागलं. गाव बदलण्यासाठी इतकं कारण पुरेसं होतं. कुणी बोट दाखवलं नसतं, जमनालालजींनी दुसरी जागा आनंदाने दिली असती. ते बरे झाले आणि सेगावातच परतले. शेगावच्या टपालाशी घोटाळा होई म्हणून १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं.

गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये त्याच गावात वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं, ग्रामीण भागात डॉक्टर घडवण्यासाठी. तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना आजही आश्रमात राहून सुरुवात करावी लागते. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पंधरा दिवसांचं शिबिर त्या गावात होतं आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं नेमून दिली जातात. कुणाच्या वाट्याला बोलकी, तालेवार माणसं येतात. कुणाच्या वाट्याला दार न उघडणारी, दवाखान्याचं नाव काढलं की उठून जाणारी. बदलून मागायची सोय नसते. पुढची काही वर्षं त्याच घरांत पुन्हा पुन्हा जायचं असतं, रक्तदाब मोजायचा, पोरांची वजनं घ्यायची, आणि मागच्या भेटीत म्हातारी काय म्हणाली होती ते लक्षात ठेवायचं.